एक यंत्र, अनेक संगणक

कार्यालयात नवे काम सुरू झाले की त्यासाठी नवा संगणक मागवावा, अशी आपली सहज प्रवृत्ती असते. वस्तुतः पुष्कळ सर्व्हर दिवसाचा बराच काळ जवळजवळ रिकामे असतात. वीज मात्र तेव्हाही खर्च होतच असते. ही पडून राहिलेली शक्ती उपयोगात आणण्याची रीत म्हणजे आभासीकरण, अर्थात व्हर्च्युअलायझेशन होय.

एका वाड्यात अनेक बिऱ्हाडे नांदावीत, तसे एकाच यंत्रात अनेक संगणक नांदतात. उपमा थोडी लंगडी आहे. कारण येथे प्रत्येक बिऱ्हाडकरूस संपूर्ण वाडा आपलाच आहे असे वाटते! हा भास हायपरव्हायझर नावाची आज्ञावली निर्माण करते. प्रोसेसरचा वेळ ती क्षणाच्या सूक्ष्म अंशांनी सर्वांत वाटते आणि स्मृतीचा ठरावीक भाग प्रत्येकास नेमून देते. आभासी संगणक ज्याला आपली डिस्क समजतो, ती बहुधा खऱ्या डिस्कवरील एक मोठी फाइल असते. त्यामुळे एका आभासी संगणकावर विंडोज व शेजारच्यावर लिनक्स सुखाने चालू शकते. नव्या यंत्रावर न चालणारी जुनी आज्ञावलीही अशा रीतीने बरीच वर्षे जगवता येते.

ही कल्पना आजची नव्हे. महागड्या यंत्राचा लाभ एकाच वेळी अनेकांना मिळावा, या हेतूने आय.बी.एम. कंपनीने अमेरिकेतील केंब्रिज येथे १९६०च्या दशकात तिच्यावर काम केले आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली. साध्या पीसीवर ती रूढ होण्यास मात्र १९९९ नंतरचा काळ उजाडला.

येथे एक धोका ध्यानी घेणे अगत्याचे आहे. जन्म-मृत्यू नोंदी, करवसुली आणि पत्रव्यवहार यांसाठी तीन आभासी संगणक केले, तरी यंत्र एकच असते. त्याची डिस्क बिघडली की तिन्ही दप्तरे एकदमच बंद पडतात. ‘स्नॅपशॉट घेतला आहे’ हे उत्तर अशा वेळी कामाचे नाही. स्नॅपशॉट म्हणजे आभासी संगणकाच्या त्या क्षणीच्या स्थितीची नोंद; ती सामान्यतः त्याच डिस्कवर असते आणि मूळ फाइलवाचून निरुपयोगी ठरते. म्हणून खरी प्रत निराळ्या यंत्रावर, शक्य तर निराळ्या इमारतीत ठेवावी. आणि त्या प्रतीवरून आभासी संगणक पुन्हा उभा राहतो की नाही, हे वर्षातून एकदा तरी प्रत्यक्ष करून पाहावे. पुष्कळ ठिकाणी नेमके हेच राहून जाते.