परदेशचे धान्य आणि गावचे पाणी
(इयत्ता चौथी व पाचवी : परिसर अभ्यास)

उद्देश : बाहेरची मदत व गावचा स्वाश्रय यांचा संबंध मुलांच्या ध्यानी आणून देणे.

पूर्वतयारी : कन्हेरी व आसपासच्या शाळांतील शिक्षकांनी वर्गास जवळचा पाझर तलाव दाखवावा. तो नसल्यास ओढ्यावरील बंधारा चालेल.

विवेचन : बारामती तालुक्याचा काही भाग निरा डाव्या कालव्यामुळे बागाईत झाला, उरलेला जिराईत राहिला. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धातील अवर्षणानंतर या जिराईत भागात परदेशातून आलेले धान्य मजुरीच्या मोबदल्यात देऊन पाझर तलाव बांधण्यात आले. त्याच कार्यातून अप्पासाहेब पवार यांच्या पुढाकाराने १९७१ साली कृषि विकास प्रतिष्ठान उभे राहिले.

येथे विचारावे, “तलाव कोणी बांधला?” कोणी “परदेशाने” म्हणेल, कोणी “गावाने”. दोन्ही उत्तरे फळ्यावर लिहावीत. धान्याविना उपाशी माणसास खोदकाम झाले नसते. श्रमाविना ते धान्य चार दिवसांत खाऊन संपले असते. धान्य संपले, बांध मात्र राहिला, हे मुलांकडूनच काढून घ्यावे.

पुढे सांगावे की, बांधामागे अडलेले पाणी जमिनीत मुरते व खालच्या विहिरींना उतरते. तळाशी गाळ साचला की मुरणे मंदावते. तो काढण्यास परदेशातून कोणी येणार नाही. शिवाय मुरलेले पाणी सर्वांचे असले, तरी मोठा पंप असणारा ते आधी उपसतो. म्हणून गावाचा नियम हवा. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे पावसाचे माप पाहून, पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवितात. २०१५ साली संयुक्त राष्ट्रांच्या १९३ सदस्य देशांनी २०३० पर्यंतची १७ ध्येये स्वीकारली; त्यांतील सहावे पाण्याचे व स्वच्छतेचे आहे. ते गावोगावच साधावे लागेल.

कृती : एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शाळेचे छप्पर १० मीटर लांब व ६ मीटर रुंद असल्यास २० मिलिमीटर पावसात त्यावर किती पाणी पडेल? (१,२०० लिटर.) पावसाची रोजची नोंद मुलांनी ठेवावी. विहिरीतील पाण्याची पातळी पावसाळ्याआधी व नंतर शिक्षकांनी स्वतः मोजावी. मुलांस काठाशी नेऊ नये.

स्वाध्याय : १. तलावातील गाळ न काढल्यास काय होईल? २. पाणी कमी असता आधी कोणास द्यावे? कारणे लिहा.

दुसऱ्या प्रश्नास ठरीव उत्तर नाही. मुलांत मतभेद झाल्यास शिक्षकांनी घाईने निवाडा देऊ नये. उद्या ग्रामसभेत याच मुलांस हा प्रश्न सोडवावयाचा आहे.