मोटारीवरील लोहकण

बुऱ्हाणपूर स्टेशनाजवळ नित्य उभी राहणारी एखादी पांढरी मोटार जवळून पाहावी. साबणाने धुतल्यावरही तिच्या अंगावर मोहरीहून बारीक तांबूस ठिपके दिसतात. पत्रा गंजला असे वाटते. परंतु हा गंज पत्र्याचा नव्हे, बाहेरून आलेल्या पाहुण्याचा होय.

रूळ व चाके यांच्या घर्षणाने लोखंडाचे सूक्ष्म कण उडतात. मोटारीचा ब्रेकही तेच करतो; त्याची ओतीव लोखंडाची तबकडी झिजते व तापलेले कण रंगात रुततात. पुढची चाके अधिक काळवंडतात, कारण ब्रेकचा बराच भार त्यांवर पडतो. पाणी व प्राणवायू मिळताच कण गंजतो, फुगतो आणि अधिकच घट्ट बसतो.

आमच्या काकांनी हे ठिपके तारेच्या घासणीने घासले. डोकी गेली, मुळे राहिली. रंगाची चकाकी मात्र हरपली!

खरा उपाय रसायनशास्त्राचा. अमोनियम थायोग्लायकोलेटचा द्राव शिंपडला असता लोहाशी संयोग होऊन जांभळे ओघळ वाहू लागतात. केस कुरळे करण्याच्या औषधातही हाच पदार्थ असतो. वास त्यामुळेच उग्र. हातमोजे घालावेत. आपल्याकडील उन्हाळ्यात हे काम भल्या पहाटे, सावलीत, पत्रा थंड असतानाच करावे. द्राव वाळू न देता काही मिनिटांत भरपूर पाण्याने धुवावा. उरलेले कण साबणाच्या पाण्यासह मोटारीच्या खास मातीच्या गोळ्याने हलकेच टिपावेत. गोळा जमिनीवर पडला, तर तो टाकून द्यावा. त्याला चिकटलेली वाळू रंगावर ओरखडे काढते.