केवळ १ या अंकाच्या मूळ संख्या

देवळालीचे शालेय शिक्षक द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी १२१, १२३२१ अशा संख्यांस ‘डेम्लो’ हे नाव दिले. त्या ११, १११ यांचे वर्ग होत. या एकांकी संख्यांचा पाठ धर्मापुरीच्या शाळेत केवळ खडू-फळ्यावर घेता येईल.

११ ही मूळ संख्या. म्हणून १११ हीही मूळ, असे विद्यार्थी म्हणतील. शिक्षकांनी उत्तर न सांगता भागाकार करवून घ्यावा : १११ = ३ × ३७; ११११ = ११ × १०१; १११११ = ४१ × २७१. एकांची गणती संयुक्त असेल, तर संख्याही संयुक्त असते. गणती मूळ असली, तरी संख्या मूळ असेलच असे नाही. ३ व ५ हे त्याचे उदाहरण. ११ नंतरची अशी मूळ संख्या थेट १९ एकांची आहे. एका उदाहरणावरून नियम बांधू नये, हे विद्यार्थ्यास स्वतः पटावे, हाच या पाठाचा हेतू होय.