मधल्या क्रमांकाची मुलगी

चि. मृण्मयी हिस,


इंजिनीअरिंग कॉलेज निवडण्यासाठी केलेला तुझा तक्ता नीट पाहिला. सीओईपीत धातुशास्त्र, सांगलीच्या वालचंदमध्ये इलेक्ट्रॉनिक्स, कराडच्या शासकीय महाविद्यालयात सिव्हिल आणि पुण्याच्या एका खासगी कॉलेजात कॉम्प्युटर, अशा चार ओळी. प्रत्येकीपुढे नाव, प्लेसमेंट, शिक्षक, फी, हॉस्टेल, अंतर, जिमखाना यांना दहापैकी गुण. बेरजेत खासगी कॉलेज दीड गुणानं पुढे. मेहनत घेतली आहेस, पण या बेरजेवर माझा विश्वास नाही. 1772 साली जोसेफ प्रीस्टली नोकरीच्या पेचात सापडला, तेव्हा बेंजामिन फ्रँकलिननं त्याला पत्रानं असाच उपाय कळवला होता: कागदाच्या मधोमध रेघ ओढायची, एका बाजूला फायदे, दुसऱ्या बाजूला तोटे, तीन-चार दिवस सुचेल ते लिहीत जायचं आणि मग सारख्या वजनाचे मुद्दे एकमेकांसमोर ठेवून खोडत न्यायचे. रेघ कोणीही ओढेल, कठीण असतं ते वजन ठरवणं. तुझ्या तक्त्यात तेच राहून गेलंय. जिमखान्याचे आठ आणि शिक्षकांचे आठ तू एकाच भावानं मोजलेस. शिवाय काही उणिवा कशानंच भरून निघत नाहीत. विभागात शिकवायला पुरेशी माणसंच नसतील, तर चकचकीत हॉस्टेलचे गुण त्यात मिळवून काय करायचं?

वजन ठरवायला मी एकच प्रश्न धरीन: त्या कॉलेजात, त्या शाखेत, वर्गात मधोमध असणाऱ्या मुलीचं चार वर्षांनी काय होतं? पहिल्या आलेल्या मुलीकडे पाहून कॉलेज निवडू नये. ती कुठेही गेली असती तरी पुढे आली असती. तू म्हणशील, मी मधली कशाला असेन, मला तर चांगले पर्सेंटाइल आहेत. पण सीईटीच्या गुणवत्ता यादीवरून जागा वाटल्या जातात, म्हणजे तुझ्या वर्गात बसणाऱ्या बहुतेकांचे पर्सेंटाइल साधारण तुझ्याच आसपासचे असणार. वर्गातली निम्मी मुलं मधल्या क्रमांकाच्या खाली राहणार, हे गणित आहे, त्याला कोणाच्या हुशारीचा अपवाद नाही. तू वर गेलीस तर आनंदच आहे. निवड मात्र अशी हवी की मध्यावर राहिलीस तरी ती चुकीची ठरू नये.

हा प्रश्न हातात घेतला की जाहिरातीतले आकडे वेगळे दिसू लागतात. दहावीला तू मध्य, मध्यक आणि बहुलक शिकलीस. दहा मुलांपैकी नऊ जणांना 4 लाखांची नोकरी आणि एकाला 44 लाखांची लागली, तर सरासरी होते 8 लाख. फ्लेक्सवर 44 छापतात, माहितीपत्रकात 8, आणि दहातल्या नऊ जणांच्या वाट्याला 4 येतात. म्हणून मध्यक, म्हणजे मधल्या क्रमांकाचा पगार, विचारायचा. तो शोधणं अवघडही नाही. 2016 पासून केंद्र सरकारची एनआयआरएफ क्रमवारी निघते. तिच्यासाठी कॉलेजं जी माहिती भरतात तिच्यात पहिल्या वर्षाला किती जणांनी प्रवेश घेतला, ठरलेल्या मुदतीत किती जण पदवीधर झाले, किती जणांना नोकरी लागली, पगाराचा मध्यक किती आणि पुढच्या शिक्षणाला किती जण गेले, हे सगळं असतं. क्रमांक बाजूला ठेव, ही पानं वाच. ‘95 टक्के प्लेसमेंट’ नेमकी कशाच्या 95 टक्के, ते तिथे कळतं: प्रवेश घेतलेल्यांच्या, की कंपन्यांसाठी पात्र ठरवून नोंदवलेल्यांच्या? आकडे कॉलेजनंच दिलेले असतात आणि ते शाखावार नसतात, तेव्हा त्यांच्यावर डोळे झाकून विसंबू नकोस. तरी फ्लेक्सपेक्षा ते बरे.

आता सगळ्यांत वजनदार आक्षेप. इतकं कशाला शोधायचं, कट-ऑफ पाहावा. हजारो घरांनी विचार करून लावलेला भाव त्यात आलाच की. हे मी अर्धं मान्य करतो. चांगला कट-ऑफ म्हणजे चांगली सोबत, आणि चार वर्षांत मुलं प्राध्यापकांइतकंच एकमेकांकडून शिकतात. तुझ्या तक्त्यात सोबतीचा रकानाच नाही, तो घाल. पण आत येणारी मुलं कशी आहेत एवढंच कट-ऑफ सांगतो. आत गेल्यावर कॉलेज त्यांचं काय करतं, हे त्याला ठाऊक नसतं. शिवाय त्यात शहराची ओढ आणि त्या वर्षी चलती असलेली शाखा मिसळलेली असते. हजारो घरांनी स्वतंत्र विचार केला असं म्हणावं, तर त्यातली बरीचशी घरं गेल्या वर्षीचा कट-ऑफ पाहूनच पसंती लावतात! नावाचंही तसंच. सीओईपी 1854 पासून आहे, विश्वेश्वरय्या तिथे शिकले, याचा अभिमान जरूर असावा, पण तुला शिकवायला ते येणार नाहीत. नावाचा उपयोग होतो, पहिल्या नोकरीच्या वेळी तर नक्कीच. आणि बऱ्याच आयटी कंपन्या सर्व शाखांच्या मुलांना मुलाखतीला बसू देतात हेही खरं. पण काही कंपन्या कॉम्प्युटर आणि आयटीपुरत्याच येतात, आणि मधली चार वर्षं तुला धातूंचे आलेख आणि भट्ट्या याच अभ्यासात काढायची आहेत. ती शाखा तू केवळ नावासाठी लिहिलीस, अशी मला दाट शंका आहे.

खासगी कॉलेजातल्या कॉम्प्युटरबद्दल माझी काळजी वेगळी आहे. तंत्रशिक्षणाचं नियमन करणाऱ्या एआयसीटीईनं 2024-25 पासून चांगल्या ठरलेल्या संस्थांवरची प्रवेशक्षमतेची कमाल मर्यादा उठवली. जागा एका परवानगीसरशी वाढतात, शिकवणारे तसे वाढत नाहीत. वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हा कागदावरचा नियम. संस्थेच्या संकेतस्थळावर शिक्षकांची यादी द्यावीच लागते. ती उघड, आणि त्या विभागात गेल्या दोन-तीन वर्षांत किती तुकड्या वाढल्या आणि किती नवी नावं आली ते पाहा. नॅकची श्रेणी अख्ख्या संस्थेला मिळते, एनबीएची मान्यता शाखेला, म्हणून तुला दुसरी जास्त उपयोगाची. नॅकच्या तपासणी समितीतल्या सदस्यांना लाचेच्या आरोपाखाली सीबीआयनं अटक केली ती फेब्रुवारी 2025 मध्ये, हे ए प्लस प्लसची पाटी वाचताना ध्यानात असू दे.

फीच्या रकान्यालाही तू बाकीच्यांइतकंच वजन दिलंस, ते जास्त आहे. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या, आठ लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क 2024 पासून सरकार भरतं, मात्र प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेच्या (कॅप) फेरीतून हवा. तुझ्या घराला ते लागू आहे. म्हणजे खरा खर्च राहतो तो खोली, मेस आणि प्रवासाचा, आणि त्यात पुणं व सांगली यांच्यात मोठा फरक पडतो. साताऱ्याहून कराड सुमारे 50 किलोमीटर, रोज एसटीनं जाता येईल असं आई म्हणते. येईल, पण जाण्यायेण्याचे तीन तास धर, म्हणजे संध्याकाळची प्रयोगशाळा, क्लब, मैत्रिणींबरोबरचा अभ्यास हे सगळं बुडालं. कराडला गेलीस तरी हॉस्टेलात राहा.

शेवटी कॅपचा पसंतीक्रमाचा फॉर्म. वरच्या पसंतीची जागा मिळण्यासारखी नसली तरी खालच्या पसंतीचं त्यानं काहीच बिघडत नाही, म्हणून ‘मिळणार नाही’ या भीतीनं क्रम बदलू नकोस. मात्र पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली की ती आपोआप पक्की होते. 2025 पासून दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहा पसंतींनाही हाच नियम लागला. नको असलेलं नाव उगाच वर राहता कामा नये. यंदाची पुस्तिका एकदा वाचून घे, नियम दरवर्षी थोडे हलतात. त्याआधी चारही विभागांतल्या तिसऱ्या वर्षाच्या दोन-दोन मुलींशी बोल, टॉपर नकोत. मागच्या सत्रात कोणता विषय शिकवायला कोणी नव्हतं? प्रयोगात उपकरणाला स्वतःचा हात लागतो, की पाचजणींनी उभं राहून पाहायचं? मुलींच्या हॉस्टेलचं दार किती वाजता बंद होतं, आणि वाचनालय त्यानंतर उपयोगाचं राहतं का? उत्तरं आली की तक्ता पुन्हा मांड, या वेळी गुणांशिवाय, आणि मला पाठव. मुदतीच्या शेवटच्या रात्री नको. त्या रात्री साइटही चालत नाही आणि डोकंही.

तुझा,
मामा