बांधलेल्या इंजिनाच्या तेलांत पाणी कोठून येतें?

इंजिन नुकतेंच खोलून पुन्हां बांधलेलें, पेरणी तोंडावर आलेली, आणि सकाळीं डिपस्टिक काढून पाहावी तों तेल ताकासारखें पांढुरकें होऊन खुणेच्या वर चढलेलें, असा प्रसंग ज्याच्यावर येतो त्याच्या मनांत दोन विचार उभे राहतात: मिस्त्रीनें फसविलें, आणि हेड ताबडतोब पुन्हां खोलावें. दोन्ही विचार घाईचे होत. महसूल खात्याच्या नोकरींत आम्ही एवढें शिकलों कीं जागेची पाहणी झाल्यावांचून पंचनामा लिहूं नये. इंजिनासही हाच नियम लागू आहे. इंजिन एकदां उघडलें म्हणजे पाणी कोणत्या वाटेनें आलें ह्याचा पुरावा बहुतेक पुसून जातो. म्हणून पाहणी आधीं, खोलणें मागाहून.

प्रथम पाणीच आहे ना, हें ठरवावें. तेलाची पातळी डिझेल मिसळल्यानेंही वाढते. परंतु तेव्हां तेल काळेंच राहतें, पातळ होतें व त्यास डिझेलचा वास येतो. तो दोष डिझेलच्या पंपाकडे किंवा नोझलांकडे शोधावा. पाणी मिसळल्यास तेल दुधाळ होतें, आणि बाहेर एक थेंब न गळतां रेडिएटरमधील पाणी कमी होत जातें. तरीही संशय राहिल्यास लोखंडी पळी तापवून तींत त्या तेलाचे दोनचार थेंब दुरून टाकावे. तडतड झाली तर पाणी आहे. डोळे मात्र जपावे.

दोन प्रसंगीं उगाच भीति वाटते. पौषांतल्या थंडींत इंजिन थोडा थोडा वेळच चालविलें तर तेलाच्या झाकणाखालीं लोण्यासारखा थर दिसतो. तो केवळ थिजलेल्या वाफेचा असतो. पातळी चढलेली नसेल व रेडिएटर भरलेला असेल तर काळजी नको. तसेंच भंडारा-गोंदियाकडे भाताच्या चिखलणींत गिअरबॉक्सचें तेल दुधाळ होतें. तें पाणी बाहेरून शिरतें. इंजिनाशीं त्याचा संबंध नाहीं.

पाणी निश्चित ठरलें कीं ट्रॅक्टर तेथेंच उभा करावा. पाणीमिश्रित तेलाचा पापुद्रा बेअरिंगावर टिकत नाहीं, आणि आज एका पॅकिंगचें असलेलें काम उद्यां क्रँकशाफ्टचें होतें. सिलिंडरांत पाणी सांचलें असेल तर सेल्फ मारतांच कनेक्टिंग रॉड वांकतो. ह्याकरितां नोझल काढून इंजिन आधीं हातानें फिरवून पाहावें.

यानंतर आपलें इंजिन कोणत्या जातीचें आहे हें जाणून घ्यावें. आम्ही नागपुरास प्रतापनगरांत राहतों. जवळच हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतींत महिंद्र कंपनीचा ट्रॅक्टरांचा कारखाना आहे. पण गांवोगांवीं चालणारीं इंजिनें नाना जातींचीं आहेत. पिंजोर येथें १९७१ पासून झेटरच्या धर्तीवर निघालेले एच. एम. टी. ट्रॅक्टर, किंवा पुण्याजवळ सणसवाडीस तयार होणारे जॉन डिअर, ह्यांच्या इंजिनांत ओल्या स्लीव्ह असतात. म्हणजे स्लीव्हला बाहेरून थेट पाणी लागतें, आणि खालच्या बाजूस तें चेंबरांत उतरूं नये म्हणून रबरी ओ-रिंग बसविलेल्या असतात. कोरड्या स्लीव्हच्या इंजिनांत ही वाट नसते. १९५९ पासून निघालेल्या जुन्या आयशर ट्रॅक्टरांत इंजिन हवेनेंच थंड होई; तेथें तेलांत पाणी दिसल्यास तें पावसाचें किंवा धुतांना शिरलेलें समजावें.

आतां परीक्षा क्रमानें सांगतों.

पहिली परीक्षा. ट्रॅक्टर रात्रभर उभा ठेवावा. सकाळीं चेंबरचा बोल्ट हळूहळू सैल करून जें प्रथम येईल तें कांचेच्या बाटलींत धरावें. पाणी जड असल्यानें तळाशीं बसतें. निर्मळ पाणी आधीं आलें तर गळती बहुधा इंजिन उभें असतांनाच होत आहे. ओ-रिंग, तडकलेला ब्लॉक किंवा पुढील टायमिंग कव्हरचें पॅकिंग ह्यांवर संशय धरावा. निराळें पाणी न येतां सर्व तेलच दुधाळ निघालें तर पाणी इंजिन चालतांना शिरून घुसळलें गेलें असावें. हा पुरावा सूचक आहे, निर्णायक नव्हे.

दुसरी परीक्षा. नवें तेल व नवा फिल्टर घालून, इंजिन थंड असतांनाच रेडिएटरचें झाकण काढावें. गरम असतां तें कदापि उघडूं नये. पंख्याचा पट्टा उतरवून इंजिन एकदोन मिनिटेंच चालवावें. पाण्यांत सतत बुडबुडे येत राहिले व वेग वाढवितांच वाढले, तर सिलिंडरमधील वायु पाण्यांत शिरत आहे. हेड गॅस्केट किंवा हेडमधील तडा पाहावा. रेडिएटरमध्यें तेलाचा तवंग दिसला व इंजिनास ऑइल कूलर असला तर तोही तपासावा; चालत्या इंजिनांत तेलाचा दाब पाण्याहून अधिक असल्यानें तेल पाण्यांत जातें, आणि इंजिन थांबल्यावर पाणी उलट तेलांत येऊं शकतें.

तिसरी परीक्षा सर्वांत महत्त्वाची. चेंबर काढून रेडिएटर गरम पाण्यानें भरावा आणि हातपंपानें झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकाच दाब द्यावा. अर्धा तास बॅटरीच्या उजेडांत खालून पाहावें. स्लीव्हच्या बाहेरच्या कडेनें पाणी उतरलें तर ओ-रिंग. स्लीव्हच्या आंतून, पिस्टनवरून टपकलें तर हेड गॅस्केट, हेड किंवा छिद्र पडलेली स्लीव्ह. पुशरॉडांच्या बाजूनें आलें तर हेड किंवा गॅस्केटमधील तेलाची वाट. पुढून आलें तर टायमिंग कव्हर. कांहीं ट्रॅक्टरांत चेंबर हा सांगाड्याचाच भाग असतो. तेथें पुढील आंसास पक्का आधार दिल्याखेरीज हात घालूं नये.

काटोलकडील एका संत्रा बागाइतदाराच्या ट्रॅक्टरास ह्याच परीक्षेनें वाट सांपडली. त्यांच्या मिस्त्रीनें हेड गॅस्केट दोनदां बदलली होती आणि उभयतांत बोलणें बंद होण्याची वेळ आली होती. दाब देतांच तिसऱ्या स्लीव्हच्या बाहेरून धार दिसली. स्लीव्ह काढली तेव्हां ओ-रिंग बसावयाच्या जागेवर जुन्या खाऱ्या पाण्याचा थर तसाच राहिलेला आढळला. दोन गॅस्केटी व पेरणीचे मोलाचे दिवस व्यर्थ गेले. तीच परीक्षा प्रथम केली असती तर एका दिवसांत काम उरकतें.

म्हणून इंजिन बांधतांना पुढील गोष्टी मालकानें उभें राहून पाहाव्या. ओ-रिंगची जागा खरवडून स्वच्छ केली आहे, आणि रिंग पिळली अथवा कापली गेली नाहीं. प्रत्येक स्लीव्हचा ब्लॉकवरील उठाव मापून पुस्तकांतील मापाशीं ताडला आहे; हा उठाव मिलिमीटरच्या शतांशांत असतो, आणि तो कमीजास्त झाला तर नवी गॅस्केटही पाणी धरीत नाहीं. हेड व ब्लॉक सरळ पट्टीनें सपाट पाहिले आहेत. बोल्टांच्या भोकांत तेल अथवा पाणी राहिलेलें नाहीं. बोल्ट मधून कडेकडे, टप्प्याटप्प्यानें, टॉर्क पान्यानें आवळले आहेत. इंजिन बांधण्यापूर्वींच हेड दाबावर तपासून घेतलें आहे.

दोष सांपडून दुरुस्त झाल्यावर बेअरिंगें उघडून पाहावीं. मग नवें तेल व फिल्टर घालून इंजिन थोडा वेळ चालवावें, तें तेल गरम असतांच काढावें आणि दोन्ही पुन्हां बदलावीं. गळती बंद करण्याची पूड रेडिएटरमध्यें टाकूं नये. ती दोष झांकते आणि नळ्या बुजविते. विहिरीच्या जड पाण्याऐवजीं शुद्ध पाणी व कूलंट योग्य प्रमाणांत वापरावें, म्हणजे थर धरत नाहीं व गंजही रोखला जातो.

शेवटीं कागदाची गोष्ट. तारीख, मीटरवरील तास, रेडिएटरमध्यें घातलेलें पाणी आणि डिपस्टिकची खूण एका वहींत लिहावी. बाटलींतील नमुन्याचें व गळतीच्या जागेचें छायाचित्र मोबाइलवर घ्यावें, आणि मिस्त्रीस समोर बोलावून सर्व दाखवावें. ब्लॉक जुनाच तडकलेला निघाल्यास त्याच्यावरील आळ दूर होतो. त्याचीच कसूर निघाल्यास त्यास नाकबूल करण्यास जागा राहत नाहीं. दोहों पक्षीं भांडण टळतें आणि पेरणी वेळेवर होते.