पिशवीतली बिअर आणि मेलबर्नची थंडी

घरी बिअर बनवण्याच्या जुन्या पद्धतीत तीन भांडी लागतात: पाणी तापवायला एक, मॉल्ट भिजवायला दुसरे, उकळायला तिसरे. ऑस्ट्रेलियातील हौशी मंडळींनी २००० नंतरच्या दशकात रुळवलेल्या पिशवीच्या पद्धतीत ही तिन्ही कामे एकच पातेले करते. मॉल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले जव. ते भरडून बारीक जाळीच्या पॉलिएस्टर पिशवीत घालतात आणि पिशवी गरम पाण्यात सोडतात. पिशवी उचलली की गाळण आपोआप होते. पद्धत सोपी असली, तरी तापमानाकडचे दुर्लक्ष ती खपवून घेत नाही.

१९ लिटर बिअरसाठी साधारण ४ किलो मॉल्ट, २६ लिटर पाणी आणि ४० लिटरचे पातेले पुरते. पाणी ७० अंश सेल्सिअसला आणून मॉल्ट घातला की मिश्रण ६७ अंशांच्या आसपास स्थिरावते. तेथे ते तासभर ठेवायचे असते. या काळात मॉल्टमधील विकरे पिष्टाची साखर करतात. ६३ अंशांच्या जवळ राहिल्यास बिअर कोरडी होते, ७० कडे गेल्यास अंगाने जड आणि किंचित गोड.

प्रस्तुत लेखकाची पहिली खेप जुलैत, मेलबर्नच्या ऐन हिवाळ्यात, गॅरेजमध्ये झाली. उघड्या पातेल्यातील मिश्रण अर्ध्या तासात ६० अंशांवर उतरले. ते सावरण्यासाठी शेगडी पेटवली, पण पिशवी तळाला टेकलेली होती. तिला भोक पडले आणि चोथा रसात उतरला. यावर उपाय दोन. तळाशी धातूची जाळी ठेवावी, म्हणजे पिशवी तापल्या बुडाला लागत नाही. पाणी तापल्यावर शेगडी बंद करून पातेल्यावर झाकण ठेवावे आणि भोवती गोधडी गुंडाळावी. तापमान मोजण्याआधी मिश्रण ढवळावे, कारण वरचा थर आणि तळ यांत फरक असतो.

ओली पिशवी सहज आठ-दहा किलो भरते. ती हाताने तोलण्याऐवजी वरच्या आकड्याला टांगून निथळू द्यावी. पिळल्याने बिअर तुरट होते, हा समज चुकीचा आहे. तुरटपणा येतो तो अति उष्णतेने आणि पाण्याची आम्लता कमी पडल्याने. उरलेला रस हॉप्ससह, म्हणजे हॉप वेलीच्या वाळवलेल्या फुलांसह, तासभर उकळतात. सुरुवातीला टाकलेले हॉप्स कडूपणा देतात, शेवटी टाकलेले सुगंध. उकळी थांबल्यावर रसाला लागणारी प्रत्येक वस्तू निर्जंतुक हवी. रस २० अंशांपर्यंत झटपट निववून त्यात यीस्ट घालतात.

खरा धोका येथून पुढे असतो. त्याच खेपेत गॅरेजमधील रात्रीच्या गारठ्याने यीस्ट निपचित पडले. सहाव्या दिवशी आंबवणीच्या भांड्यावरील एअरलॉकमधील, म्हणजे वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेतील, बुडबुडे थांबले, तेव्हा आंबणे संपले असे समजून बिअर फेसासाठीच्या साखरेसह बाटल्यांत भरली गेली. घराच्या उबेत यीस्ट पुन्हा जागे झाले आणि चार बाटल्या फुटून काचा कपाटभर उडाल्या. बुडबुडे थांबणे हा पुरावा नव्हे. द्रवाची घनता दाखवणाऱ्या हायड्रोमीटरचे वाचन सुरुवातीला १.०५० च्या आसपास असते, ते १.०१० च्या जवळ उतरावे आणि दोन-तीन दिवस तसेच राहावे, मगच भरणी करावी. आंबताना तापमान १८ ते २० अंश राखावे. भरताना लिटरमागे ६ ते ७ ग्रॅम साखर वजन करूनच घालावी आणि जाड काचेच्या, बिअरसाठीच्याच बाटल्या वापराव्यात. त्या दोन आठवडे झाकलेल्या खोक्यात ठेवाव्यात.

ऑस्ट्रेलियात स्वतःपुरती बिअर घरी बनवायला परवाना लागत नाही. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याविना मद्यनिर्मिती हा गुन्हा आहे.