घरखरेदीतील वकील आणि त्याची अमानत

चाकणजवळच्या महाळुंगे येथील एका कारखान्यात काम करणारे एक बंधू गेल्या हिवाळ्यात असरच्या नमाजनंतर मशिदीत थांबले. हातातल्या पिशवीत नोटरी केलेले कागद होते. मोशीच्या बाजूला त्यांनी एक गुंठा, म्हणजे 1,089 चौरस फूट जागा घेतली होती. जागा शोधून भाव ठरवून देण्यासाठी एका दलालाला त्यांनी शेकडा दोन दराने मेहनताना दिला होता. पुढे कळले की जमीनमालकानेही त्याच दलालाला प्रत्येक गुंठ्यामागे ठरावीक रक्कम दिली होती, आणि ती भावातच मिसळलेली होती. ते म्हणाले, “मौलाना, पैसे मीही दिले आणि समोरच्यानेही दिले. मग तो माणूस नक्की कोणाचा?”

वाचकहो, फिकहच्या ग्रंथांत ‘वकालत’ नावाचे जे प्रकरण असते, त्याचा गाभा या एका प्रश्नात आहे.

मराठीत आपण वकील, दलाल, मुखत्यार हे शब्द रोज वापरतो. तिन्ही मूळचे अरबी. न्यायालयात उभा राहणारा तो वकील, असा संकुचित अर्थ आपल्याकडे रुळला. शरीअतमध्ये मात्र ज्याच्यावर आपण आपले काम सोपवतो, तो प्रत्येक जण वकील. काम सोपवणारा तो मुवक्किल. आपले पक्षकारही वकिलाकडे जाताना हाच शब्द घेऊन जातात. दलाल म्हणजे वाट दाखवणारा. दलाली हा शब्द आज शिवीसारखा उच्चारला जातो, पण धंदा मुळात निषिद्ध नाही. हजरत कैस बिन अबी गरजा (रजि.) सांगतात की मदीनेच्या बाजारात त्यांना ‘समासिरा’ म्हणजे दलाल म्हणत, प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना ‘व्यापारी’ हे अधिक चांगले नाव दिले आणि व्यापारात वायफळ बोलणे व शपथा शिरतात म्हणून त्यासोबत दानधर्म करीत राहण्यास सांगितले.

दुसऱ्याकरवी खरेदी करण्याचा आधार फकीह सूरह अल-कहफमध्ये दाखवतात. गुहेतील तरुण जागे झाल्यावर आपल्यातील एकाला चांदीचे नाणे देऊन शहरात पाठवतात. त्याने शुद्ध अन्न पाहून आणावे आणि सावध राहावे, असे त्याला बजावतात. पैसा सर्वांचा, जाणारा एक.

याहून थेट उदाहरण हजरत उरवा बारिकी (रजि.) यांचे आहे आणि ते सहीह बुखारीत आले आहे. प्रेषितांनी (स.) त्यांना एक दीनार देऊन एक मेंढी आणण्यास सांगितले. त्यांनी त्या दीनारात दोन मेंढ्या घेतल्या, एक दीनारालाच विकली आणि एक मेंढी व एक दीनार घेऊन परत आले. प्रेषितांनी (स.) त्यांच्या व्यापारात बरकत व्हावी अशी दुआ केली. या घटनेकडे जरा थांबून पाहा. सांगितलेले काम एका मेंढीने पूर्ण झाले होते. उरलेला दीनार उरवा (रजि.) यांच्या हुशारीने आला होता, तो खिशात राहिला असता तर कोणाला कळलेही नसते. पण तो त्यांनी समोर ठेवला, कारण भांडवल मुवक्किलाचे होते आणि म्हणून नफाही त्याचाच. वकिलाने भाव कमी करून घेतला तर ती सूट खरेदीदाराची, हा हनफी फकीहांचा नियमही याच विचाराचा आहे.

येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. दोन्ही बाजूंना एकत्र आणणारा मध्यस्थ वेगळा आणि आपण नेमलेला खरेदीचा वकील वेगळा. दमास्कसचे अल्लामा इब्न आबिदीन (रह.) यांनी ‘रद्दुल मुहतार’मध्ये मध्यस्थाच्या मेहनतान्याचा निर्णय रूढीवर सोपवला आहे. रूढी दोघांकडून घेण्याची असेल, तर दोघांनी द्यावे. शेकडा दराने दलाली ठरवणे जुन्या हनफी नियमात अडचणीचे होते; लोकांचा व्यवहार पाहून नंतरच्या उलमांनी त्यास मुभा दिली. (कोकणातील आपले शाफई बंधू या तपशिलात आपल्या उलमांना विचारतील.) परंतु ज्याला ‘माझ्यासाठी शोध, माझ्यासाठी भाव कर’ म्हणून पैसे दिले, त्याने विकणाऱ्याकडून गुपचूप घेतलेली रक्कम ही खियानत आहे. रूढी तीच, जी दोघांनाही ठाऊक असते. लपवून घेतलेल्या पैशाला रूढीचा आधार कसा मिळेल? देशाचा कायदाही येथे वेगळे सांगत नाही. भारतीय करार अधिनियम 1872 ची कलमे 215 आणि 216 वाचा: मालकाला न कळवता अभिकर्त्याने त्याच कामात स्वतःचा व्यवहार साधला, तर त्याचा लाभ मालक मागू शकतो.

आता आपल्या परिसराकडे येऊ. पिंपरीत 1954 साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, पुढे एमआयडीसी आली, 1982 मध्ये महानगरपालिका झाली, आणि कारखाने चाकणपर्यंत पसरले. मराठवाडा, खानदेश, कोकण, उत्तर प्रदेश, बिहार, केरळ, सगळीकडची माणसे येथे एका पाळीत काम करतात. परंतु घर घेताना नाव विचारले जाते. “त्या सोसायटीत तुम्हाला जमणार नाही,” हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी ऐकले आहे. कधी ते खरे असते. कधी दलालाला विचारण्याचेही कष्ट नको असतात, किंवा त्याला दुसरीकडे अधिक सुटत असते. मग जेथे नकार नाही तेथे माणूस जातो: मंजूर रेखांकन नसलेला गुंठा, नोटरीचा कागद. मालमत्तेची खरेदी नोटरीने पुरी होत नाही, तिला दुय्यम निबंधकाकडे नोंदणी लागते.

याची किंमत आपण 2025 मध्ये पाहिली. फेब्रुवारीत कुदळवाडी-चिखली भागात महापालिकेने हजारो गोदामे, शेड आणि कारखाने पाडले. 17 मे रोजी चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतील 36 बंगले जमीनदोस्त झाले. राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश होता आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला होता. नकाशावरची एक निळी रेघ खरेदीपूर्वी पाहणे, हे वकिलाचे पहिले काम नव्हे काय?

काही जण नकार टाळण्यासाठी मित्राच्या नावावर घर घेतात. असे करू नका. बेनामी व्यवहार प्रतिबंधक कायदा 1988 चा आहे, 2016 मध्ये तो कडक झाला. मित्र प्रामाणिक असला तरी त्याच्या पश्चात त्याचे वारस तुम्हाला ओळखणार नाहीत.

म्हणून नेमणूक करतानाच विचारा, आणि उत्तर कागदावर घ्या: “तुम्हाला समोरून काही मिळणार आहे का? ही जागा तुमची किंवा तुमच्या नातलगाची तर नाही?” स्वतःचीच जागा न सांगता मुवक्किलाच्या गळ्यात मारणे वकिलाला मुळीच जायज नाही. 2016 च्या रेरा कायद्याप्रमाणे नोंदणीयोग्य प्रकल्पातील घरे विकून देणाऱ्या एजंटाला महारेराची नोंदणी लागते. क्रमांक मागून संकेतस्थळावर पडताळा. नोंदणीकृत करार होण्याआधी विकासकाला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. जमीन असेल तर सातबारा, फेरफार आणि विकास आराखड्यातील आरक्षण पाहिल्याशिवाय विसार देऊ नका. व्यवहार फिसकटल्यास विसार जप्त करणे बहुसंख्य फकीहांच्या मते योग्य नाही, पण येथे तो परत मिळवताना चपला झिजतात. कर्जावरील व्याजाचा विषय मी मुद्दाम बाजूला ठेवला आहे. त्याला स्वतंत्र लेख लागेल.

एक गोष्ट आपल्या विरुद्धही सांगितली पाहिजे. दलालाने चार रविवार मोटारसायकलवर फिरवून घर दाखवायचे आणि आपण मागील दाराने मालकाला गाठून दलाली वाचवायची, हेही आपल्यात चालते. घाम सुकण्यापूर्वी मजुरी देण्याची प्रेषितांची (स.) शिकवण ठरलेल्या दलालीलाही लागू आहे.

त्या बंधूंसोबत मी दलालाकडे गेलो. जुम्याला तो आमच्याच सफेत असतो. “मौलाना, सगळेच घेतात,” तो म्हणाला. मी त्याला उरवांचा दीनार सांगितला. तो बराच वेळ गप्प राहिला. मालकाकडून मिळालेल्या रकमेपैकी निम्मी त्याने दोन हप्त्यांत परत केली आहे, उरलेली ईदनंतर देतो म्हणाला. जागेचा प्रश्न मात्र तसाच आहे: सातबाऱ्यावर मालकाच्या तीन बहिणींची नावे आहेत आणि त्यांपैकी दोघींना व्यवहाराची कल्पनाच नव्हती.